ट्रम्पेट घेऊन धोबी तलावाला

भिलाईत मे महिना आहे. सेक्टर 2 मधल्या क्वार्टरमध्ये कूलरचं पाणी संपत आलंय आणि दुपार सरता सरत नाही. उठा, मुंबईला जाऊ. दुर्गला हावड्याहून येणारी मेल पकडा, खिडकी धरा, आणि बडनेरा गेलं की खुशाल डोळा लागू द्या.

जागे व्हाल ते डोळ्यात कोळशाची कणी जाऊन. चोळाल तर आणखी झोंबेल. बाहेर धूर, खिडकीला काच नाही, लाकडी बाक पाठीला टोचतोय आणि समोरच्या बाईच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास सगळ्या डब्यात भरलाय. इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबते. वाफेचं इंजिन काढून विजेचं जोडतात, घाट उतरायला. साल विचारू नका. महायुद्ध चालू आहे, फलाटावर खाकी कपडेच जास्त दिसतात, एवढं पुरे. आता मांडीवर बघा. तिथे एक काळी पेटी आली आहे. ती तुमचीच आहे. आत जुन्या लाल मखमलीवर पितळेचा ट्रम्पेट आहे, आणि आजपासून पोट त्याच्यावर भरायचं आहे.

बोरीबंदरला उतरा आणि धोबी तलावाचा रस्ता धरा. ट्रामची घंटा, व्हिक्टोरियाच्या घोड्यांची लीद, उन्हाने मऊ पडलेलं डांबर. मेट्रो सिनेमा दिसला की आलात. समोरच्या कोपऱ्यावर जेर महाल. खाली फुर्तादो यांचं वाद्यांचं दुकान आहे. हे घराणं 1865 पासून या धंद्यात आहे. काचेला नाक लावून उभे राहाल, सगळेच राहतात. आत व्हायोलिनच्या तारा, क्लॅरिनेटच्या रीड, युरोपातून आलेल्या स्वरलिपीच्या वह्या. तुम्हाला परवडेल ती फक्त पिस्टनला घालायच्या तेलाची बाटली. ती घ्या. तेल नसलं तर कळ ऐन वेळी अडकते आणि सूर घशातच राहतो.

आता वर चढा. जिना लाकडी, अंधारा, मधोमध झिजून खोलगट झालेला. पहिल्या मजल्यावर खोबरेल तेल, दुसऱ्यावर सुका बांगडा, तिसऱ्यावर मेणबत्त्या. ही गोवेकरांची कूड. गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी जागा घेऊन ठेवली, तशा कित्येक कुडी या भागात आहेत. एक मोठी खोली, भिंतीलगत ओळीने पत्र्याच्या ट्रंका. ट्रंक ठेवायला जागा मिळाली म्हणजे राहायला जागा मिळाली, कारण झोपायचं ट्रंकेच्या पुढ्यात चटई टाकून. इथे बोटीवरचे खलाशी आहेत, हॉटेलातले आचारी आहेत, शिंपी आहेत, आणि तुमच्यासारखे वाजवणारे आहेत. कोपऱ्यात गावच्या संताची मूर्ती, तिच्यासमोर दिवा. संध्याकाळी सगळे गुडघे टेकून प्रार्थना म्हणतात. खलाशाच्या खर्जाच्या आवाजावर आचारी वरचा सूर धरतो, तिसरा मधला. कुणी शिकवलेलं नाही असं वाटतं, पण तसं नाही.

ते सगळे शिकलेले आहेत. तुम्हीही. डोळे मिटा, आठवेल.

गोव्यातली चर्चची शाळा. संगीतमास्तर लाकडी पट्टीने टेबलावर ताल देतायत आणि तुम्ही, सात-आठ वर्षांचे, वाद्याला हात न लावता नुसती स्वरलिपी वाचून गाताय. सूर चुकला की पट्टी टेबलावरून उचलून बोटांवर. कित्येक महिने हेच. वाद्य मागायचं नाही. कागदावरचा सूर डोळ्याला दिसला की कानात वाजायला लागला पाहिजे, मग व्हायोलिन. आणि व्हायोलिन हातात बसलं की कुणाला क्लॅरिनेट, कुणाला ट्रम्पेट. फेस्ताच्या, म्हणजे गावच्या संताच्या सणाच्या, दिवशी पहाटे, अजून काळोख असताना, गावातून बँड फिरतो. दव पडलेलं, पितळ ओठाला बर्फासारखं लागतं, पहिला सूर फुटतोच. मग घराघरांतून कंदील बाहेर येतात, कुत्री भुंकतात आणि फटाक्यांच्या वासाबरोबर नारळाच्या गोडाचा वास मिसळतो. चर्चमधल्या मासला लागणारं संगीत, मिरवणुकीचं संगीत, लग्नाला वॉल्ट्झ, मयताला संथ मार्च. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत युरोपच्या संगीताचं व्याकरण तुमच्या अंगात मुरलेलं असतं. हे लक्षात ठेवा, कारण मुंबईत पुढे जे काही घडतं ते या पट्टीच्या माराच्या जोरावर घडतं.

म्हापशाच्या नदीकाठचं हळदोणे हे असंच गाव. तिथे 1916 मध्ये अंतोनियो शाव्हियेर वाझ नावाचा मुलगा जन्मला. त्याला आज रात्री तुम्ही ऐकणार आहात. पण आधी सकाळचं काम.

पहाटे पाचला ट्रम्पेट घेऊन समुद्राकडे चला. कुडीत वाजवलात तर रात्रपाळीचे खलाशी चप्पल फेकून मारतील. मरीन लाइन्सची रेल्वे ओलांडून कठड्यावर बसा, समुद्राकडे तोंड करा. आता ओठ मिटून, दातांवर हलके ताणून, त्यांच्यातून हवा सोडा. भुंग्यासारखा आवाज आला पाहिजे. हाच तुमचा सूर. पितळेची नळी त्याला मोठं करते. तीन कळांनी नळीची लांबी कमीजास्त होते, पण एकच कळ दाबून खालचा सूर काढायचा की वरचा, हे ओठांनी ठरवायचं. ओठ पाव सुताने सैल पडला की सूर फुटला. एक सूर घ्या आणि तो श्वास संपेपर्यंत तसाच ठेवा, न हलवता. पुन्हा. पुन्हा. तासभर हेच. मग नळीच्या खालची बारीक चावी दाबून साठलेलं पाणी दगडावर सोडा. ट्रम्पेटची तोंडाकडची वाटी बाजूला काढून आरशात बघाल तर ओठांवर गोल वळ उमटलेला दिसेल, वाटीच्या कडेएवढा. तो दुपारपर्यंत जात नाही. धोबी तलावात ट्रम्पेटवाला ओळखायचा असेल तर पेटी बघायची गरज नाही, तोंड बघायचं.

व्हायोलिनवाला साठीतही वाजवतो. ट्रम्पेटवाल्याचं तसं नसतं. दात हलला, ओठ फाटला, दोन दिवस ताप आला, की कमाई थांबली. मला विचाराल तर सगळ्या वाद्यांत इतकं उघडं वाद्य दुसरं नाही. शंभर माणसांच्या वाद्यवृंदात मागच्या रांगेतल्या व्हायोलिनचा एक सूर चुकला तर देवालाही कळत नाही. ट्रम्पेटचा चुकला तर दरवानालाही कळतो.

तुम्ही विचाराल, इतकं पक्कं शिक्षण झालंय, मग शास्त्रीय मैफल का नाही? एकट्याने पुढे उभं राहून, मागे वाद्यवृंद घेऊन? ती वाट जगात होती. संगीतकार हायडनने 1796 मध्ये आपला ट्रम्पेट कन्सर्टो आन्टोन वाइडिंगर या व्हिएन्नाच्या ट्रम्पेटवाल्यासाठी लिहिला. त्याआधीच्या साध्या ट्रम्पेटला खालच्या पट्टीत सलग सप्तक निघतच नसे. वाइडिंगरने भोकं आणि चाव्या बसवलेला ट्रम्पेट हातात घेतला आणि 1800 मध्ये व्हिएन्नाच्या लोकांना या वाद्यावर गाणं ऐकवलं. फ्रान्समध्ये मॉरिस आंद्रे नावाचा खाणकामगाराचा मुलगा स्वतः पोरवयात कोळशाच्या खाणीत उतरला, लष्करी बँडच्या वाटेने पॅरिसच्या संगीतविद्यालयात पोचला आणि नुसत्या ट्रम्पेटवर जगभर मैफली करत हिंडला. मॉस्कोत तिमोफेय दोक्शित्सेर 1945 पासून बोल्शोय थिएटरचा ट्रम्पेटवादक होता. पुढे ज्या देशाचे इंजिनिअर तुमच्या भिलाईत भट्ट्या उभारायला आले, त्याच देशाचा हा सगळ्यांत मोठा ट्रम्पेटवाला.

मुंबईतही मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पण सिंफनीत ट्रम्पेटवाला बराच वेळ गप्प बसून माप मोजत असतो. आणि त्या मैफली वर्षाला किती? त्यावर कुडीचं भाडं निघत नाही, गावी पैसे जात नाहीत. म्हणून हायडनसाठी तयार झालेला ओठ संध्याकाळी नाचघराकडे वळतो. याला कुणी घसरण म्हणेल. मी म्हणणार नाही. एकट्या ट्रम्पेटला पुढे उभं करणारी जागा या शहरात तीच होती.

चला तर. अंधार पडला. कॉलरला इतकी खळ आहे की मान वळवताना कापते. काळा कोट उसना आणलेला, बगलेत दुसऱ्या कुणाचा तरी घाम वाळलेला. गेटवेसमोर ताजच्या नाचघरात शिरा. पहिल्यांदा अंगावर येतो तो वास: सेंट, सिगारेट, व्हिस्की, गजऱ्यातला मोगरा आणि दोनशे नाचणाऱ्या अंगांची ऊब. लाकडी जमीन पायाखाली थरथरतेय. रजेवर आलेले गोरे सोल्जर, पारशी जोडपी, संस्थानिकांची पोरं. काही वर्षांपूर्वी याच ताजमध्ये क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकेतले काळे कलावंत वाजवून गेले. त्यांना कान देऊन ऐकलं ते गोव्याच्या पोरांनी. सूर कागदावरून वाचता येत होतेच. कागदावर नसलेलं कसं वाजवायचं ते इथे कळलं.

आता व्यासपीठाकडे बघा. सावळा, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस, हातात ट्रम्पेट. हळदोण्याचा अंतोनियो वाझ. पण ते नाव इथे कुणी घेत नाही. मुंबईला तो चिक चॉकलेट म्हणून माहीत आहे आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणतात. त्याने आर्मस्ट्राँगच्या तबकड्या इतक्या ऐकल्या आहेत की गळाही तसाच खरखरीत काढतो. पण आज गळ्याकडे नको, ओठांकडे बघा. बँड गाण्याचं तोंड वाजवून थांबतो. चिक अर्धं पाऊल पुढे येतो. पहिला सूर घेतो तो ठोक्याच्या किंचित मागे, आळसावल्यासारखा. नाचणाऱ्यांचे पाय क्षणभर अडखळतात आणि मग सगळे त्याच्या मागे घसरत जातात. सूर वर चढतो. तुमचा स्वतःचा श्वास अडकतो, कारण तुम्हाला माहीत आहे की त्या उंचीवर ओठाला काय होतं. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या उठल्या आहेत. आणि सूर? पहाटे कठड्यावर बसून धरायचा तोच, लांब, न हलणारा, संगीतमास्तरांना पट्टी उचलावी न लागणारा. नाचघरातल्या दोनशे माणसांना वाटतं हा अमेरिकेचा सूर. तुम्हाला एकट्याला त्यात फेस्ताची पहाट ऐकू येते.

पुढची वर्षं भराभर ओलांडू. उन्हाळ्यात साहेबलोकांमागोमाग बँडही मसुरी-नैनितालला चढले, पावसाळा संपताना खाली उतरले. युद्ध संपलं, गोरे गेले. 1949 मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला आणि नाचघरांचे दिवे मंद झाले. जिथे प्यायला नाही तिथे नाचायला कोण येणार? धोबी तलावाच्या इराण्याकडे बसलेले वाजवणारे एकेक चहावर तासन् तास घालवू लागले. आणि मग दादरहून, अंधेरीहून, गोरेगावहून सिनेमाच्या स्टुडिओंची बोलावणी आली.

आता तुम्ही संगीतकार सी. रामचंद्रांच्या तालमीच्या खोलीत आहात. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, सगळ्यांचे अण्णा. खोलीत पंखा आहे, पण फिरला तर कागद उडतात म्हणून बंद. जमिनीवर गादी, पेटी, पानाचा डबा. अण्णा पेटीवर बोटं टाकून चाल गुणगुणतात. त्यांच्या शेजारी चिक बसलाय, मांडीवर पाच रेघांचा कागद, कानाला पेन्सिल. अण्णा गातात ते तो लिहून घेतो. मग हात वर करून थांबवतो आणि दोन कडव्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत ट्रम्पेटचा एक तुकडा तोंडानेच म्हणून दाखवतो. अण्णांचे डोळे चमकतात. गंधर्व महाविद्यालयात शिकलेला कान आणि चर्चच्या शाळेत शिकलेला हात, एका गादीवर. कोकणी, हिंदी, मराठी, थोडं इंग्रजी, सगळं एकत्र चाललंय आणि कुणालाही काही अडत नाही. तुम्ही मध्ये बोलू नका. नुसतं बघा. त्या कागदावर आत्ता जे उमटतंय ते वर्षभरात साऱ्या देशाच्या ओठावर येणार आहे.

रेकॉर्डिंगचा दिवस. स्टुडिओची दारं बंद, पंखे बंद, कारण पंख्याची घरघर मायक्रोफोनला कळते. भिंतींना गोणपाट आणि रजया. चाळीस माणसांचा घाम, रोझिनची पूड, तापलेल्या दिव्यांचा वास. मायक्रोफोन मोजके, आणि वेगवेगळं वाजवून नंतर जोडायची सोय नाही. म्हणून ज्याचा आवाज मोठा तो लांब. गाणारे पुढे, त्यांच्यामागे व्हायोलिन, आणि तुम्ही, ट्रम्पेटवाले, पार भिंतीला टेकून. कधी त्यालाही आवाज जास्त होतो, मग भोंग्यात म्यूट खुपसायचा. गाणाऱ्याची चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. तबल्याची झाली तर पुन्हा पहिल्यापासून. तुमचा तुकडा गाण्याच्या शेवटी आहे. सातव्या टेकला ओठ सुजलाय, तोंडात पितळेची चव आहे, आणि इतका वेळ सगळ्यांनी बिनचूक वाजवलंय. आता उरलेत ते फक्त तुम्ही. कागदावरच्या त्या आठ मापांवर चाळीस माणसांची संध्याकाळ अडकलेली आहे. छाती भरून घ्या. फुंका.

लागला! काचेआडून ओके येतो आणि सगळे एकदम श्वास सोडतात. पाठीवर थाप पडते, बिडी पेटते, चहा येतो. ट्रम्पेटवाल्याची मैफल ती एवढीच, आठ मापांची. पण त्या आठ मापांत तो पूर्ण एकटा असतो, आणि ती पुसता येत नाहीत.

1951 साली अण्णांच्या संगीताचा ‘अलबेला’ लागतो. भगवानदादा आणि गीता बाली पडद्यावर येतात आणि पिटातली माणसं खुर्च्या सोडून नाचू लागतात. तुम्हीही नाचा, कुणी अडवत नाही. एकीकडे विड्यांचा धूर, दुसरीकडे भुईमुगाच्या शेंगांची टरफलं पायाखाली चुरचुरतात, शिट्ट्यांनी कान बधिर होतात. आणि मग एका गाण्यात, झालरीच्या बाह्यांचे झगमगीत सदरे घालून, खुद्द चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर येतो. गिरणीतून सुटून आलेला शेजारचा माणूस तुम्हाला कोपर मारून विचारतो, “हे बाजेवाले कोण रे?” सांगा त्याला. नाव सांगा. कारण तबकडीवर ते छापलेलं नाही. तिथे संगीतकाराचं आहे, गाणाऱ्यांची आहेत. व्हायोलिनच्या रांगेतल्या एकाचंही नाही आणि भिंतीला टेकून फुंकणाऱ्याचंही नाही.

ही गोष्ट मला आजही सलते. त्याच वर्षी आलेल्या ‘नादान’ला चिक चॉकलेटने स्वतः संगीत दिलं, तेव्हा त्याचं नाव पाटीवर लागलं. पण ज्या शेकडो गाण्यांत गोव्याच्या माणसांनी सूर भरले, स्वरलिपी लिहिली, वाद्यमेळ बांधला, ती गाणी आपण संगीतकाराच्या आणि गायकाच्या नावाने लक्षात ठेवली. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही नावं मराठी घरांत किती जणांना ठाऊक आहेत? फ्रँक फर्नांड ट्रम्पेटवालाच होता. स्टुडिओतल्या कामातून वर डोकं काढून त्याने कोकणीत ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे चित्रपट काढले. लता, आशा, तलत यांच्या गळ्याला आपण माना डोलावल्या त्या योग्यच होत्या. पण गाणं सुरू होण्याआधी जो ट्रम्पेट वाजतो, तो ऐकून आपण गाणं ओळखतो. मग वाजवणारा कोण, एवढं विचारायला काय हरकत होती?

चिक चॉकलेट 1967 मध्ये मुंबईतच गेला. पन्नाशी जेमतेम ओलांडली होती.

आता परत निघा. पेटी माझ्याकडे द्या, ओठाला थोडं तूप लावा, उद्यापर्यंत सूज उतरेल. आणि घरी पोचल्यावर एक काम करा. ‘अलबेला’ची गाणी लावा आणि एकदा तरी शब्दांकडे लक्ष न देता ऐका. कडव्यांच्या मधल्या जागा ऐका. तुमच्या ओळखीत, नात्यात, गल्लीत जुन्या काळचा कुणी वाजवणारा असेल, तर लग्नाच्या बँडातला का असेना, त्याच्याकडे जाऊन बसा, कुठे शिकला, कुणाबरोबर वाजवलं ते विचारा आणि नावांसकट वहीत उतरवून ठेवा. ही माणसं थोडीच उरली आहेत, तेव्हा पुढच्या महिन्यावर ढकलू नका.